वऱ्हाड्यांचं बेट

"माणसांत राहायचं नाही म्हणतोस, तर मग माझ्याकडे कशाला आलास? मी कोण वाटलो तुला?"

लतीफबाबानं हे विचारलं तेव्हा तो कंदिलाची काच राखेनं पुसत होता. त्यानं मान वर केली नाही, की हात थांबवला नाही.

समोर रवळू बसला होता. रवळू गाबिताचा, दर्यावर जगणाऱ्या घरातला. वल्ही मारून खांदे रुंद झालेले, मिसरूड आत्ता कुठं काळं होऊ लागलेलं. सबंध खारबंदर गाव ज्याला डोक्यावर घेऊन नाचलं, तो हाच.

"तुम्ही फकीर आहात," तो म्हणाला.

"फकीर माणूस नसतो?"

रवळू खाली खाडीकडे बघू लागला.

खाडीच्या तोंडाशी काळाकभिन्न कडा आहे. त्या कड्यावर, उंडीच्या झाडाखाली, बाबाचा तकिया, फकिराचा मठच म्हणा, होता. चार भिंती, एक रांजण, आणि उंच काठीला हिरवं निशाण. खाडीत शिरणारी गलबतं ते निशाण धरून वळत. हिंदू असो, मुसलमान असो, दर्यावर निघालेला प्रत्येक जण त्या कड्याखालून जाताना हात जोडी.

त्या सकाळी कड्याखाली एक नवाकोरा मचवा उभा होता. नाळेवर, पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळा होत्या. रवळूच्या काकानं, दाजी तांडेलानं, तो हौसेनं बांधून घेतला होता. पण दाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आणि सुकाणू धरायला माणूस उरला नाही. खलाशी म्हणाले, दर्यानं गिळून ज्याला परत दिलं, त्याच्या हाती सुकाणू असेल तरच आम्ही चढू. नाहीतर आम्हाला दुसरी गलबतं आहेत.

आणि रवळूनं तर सांगून टाकलं होतं की मी पुन्हा पाण्यावर जाणार नाही. गावातही राहणार नाही. बाबाच्या पायाशी बसून देवाचं नाव घेईन.

मुहूर्त त्याच भरतीचा होता. पाणी चढत होतं.

"बेटावरचं सांग," बाबा म्हणाला.

रवळू खुलला. हे सांगायला त्याला आवडे.

मंगळूरहून कौलं भरून त्यांचा मचवा परतत होता. वैशाख सरत आला होता. भरदुपारी काळोख करून वादळ आलं, आणि वारा असा उलटा फिरला की किनाऱ्याकडून दर्याकडे लोटू लागला. रात्र गेली, दिवस गेला, वारा थांबेना. शीड फाटलं. कौलांच्या वजनानं मचवा बसत चालला. लहान होडी पाण्यात सोडली तेव्हा रवळू डोलकाठीवर चढून अडकलेला दोर कापत होता. होडी लाटेनं ओढून नेली, आणि तो मागं राहिला.

होडीतली माणसं एका जहाजाला सापडली. घरी पोचली. रवळू गेला, असं त्यांनी रडत रडत सांगितलं. गावानं त्याचं तेरावं केलं. त्याच्या आईनं मात्र त्या दिवशीही नेहमीसारखं त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.

रवळू तुटलेल्या डोलकाठीला स्वतःला बांधून घेऊन तरंगत होता. किती वेळ, ते त्यालाही सांगता येत नसे. शुद्ध आली तेव्हा तोंडात वाळू होती, आणि पायाचा अंगठा कुणीतरी ओढत होतं.

"कोण?" बाबानं विचारलं.

"खेकडा."

असला खेकडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. टोपलीएवढा, निळसर काळा, नांग्या लोहाराच्या सांडशीसारख्या. रवळूनं पाय झाडला. खेकडा जरा मागं सरला, आणि शेजारच्या माडावर चढू लागला. नारळ उतरवणारा पाडेली चढतो तसा, आरामात. वर जाऊन त्यानं नारळ तोडून खाली टाकला, खाली आला, आणि सोलत बसला.

रवळूला वाटलं, आपण मेलो आणि हे वरचं जग आहे.

मग तहान लागली. तेव्हा कळलं, मेलो नाही.

माड थोडे, उंच, आणि त्याच्या अंगात चढण्याचं त्राण नव्हतं. खाली पडलेले नारळ खेकड्यांनी आधीच कोरून टाकलेले. गोड्या पाण्याचा कुठं थेंब दिसेना. चारी बाजूंना दर्या, आणि जीभ टाळूला चिकटलेली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेव्हा केवड्याच्या बनातून एक रांग बाहेर पडली.

पक्षी. बदकाहून मोठे, राखी रंगाचे, लाल चोचीचे. पंख इतके तोकडे की नुसते नावाला. उडता येतच नव्हतं. एकामागं एक, माना हलवत, ऐटीत चालले होते. जणू मुहूर्त गाठायला निघालेलं वऱ्हाड. मरायला टेकलेल्या रवळूलाही हसू आलं. त्यानं तिथल्या तिथं त्यांचं नाव ठेवलं: वऱ्हाडी.

त्याला पाहून ते पळाले नाहीत. त्यांनी आजवर माणूस पाहिला नसावा. जवळ आले, एकेकानं त्याला न्याहाळलं, आणि त्यांच्यातली एक लंगडी मादी सरळ त्याच्या अंगाच्या सावलीत येऊन बसली. त्या वाळूवर दुसरी सावली नव्हती.

रवळूनं दगड उचलला होता. हात उंचावलाही होता.

"मग?"

"तहान होती, बाबा. मांस घेऊन काय करू? म्हटलं, हे पाणी कुठं पितात ते आधी बघावं. मारायचं मग मारू."

बाबा हसला. काचेवर वाफ सोडून पुन्हा पुसू लागला.

वऱ्हाडी निघाले, तसा रवळू त्यांच्यामागं रांगत निघाला. बेटाच्या मध्यावर एक खोलगट जागा होती. तिथं त्यांनी चोचींनी वाळू उकरली. खळग्यात आधी ओल आली, मग पाणी आलं. गढूळ, कोमट, पण गोडं. पक्षी पोटभर प्याले. लंगडी बाजूला सरकली, आणि तिनं रिकाम्या केलेल्या जागी रवळूनं तोंड घातलं.

त्यानंतर भूक लागली. भूक अशी, की पोटात आग पडावी. पण आता प्यायलेल्या पाण्याला जागणं आलं. त्यानं कालवं फोडली, शेवाळ खाल्लं, ओहोटीच्या डबक्यांत हातानं मासे धरले. वऱ्हाड्यांतल्या एकालाही त्यानं बोट लावलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही.

इथून पुढं सांगताना रवळूचे डोळे चमकू लागले, हात बोलू लागले.

दोर कापायची कोयती त्यानं मनगटाला बांधली होती, ती वाचली होती. पण एका रात्रीत ती खेकड्यांनी पळवली. असले चोर त्यानं कुठल्याही बंदरात पाहिले नव्हते. जे चकाकेल ते ओढून बिळात नेत. त्यानं बीळ उकरलं, तर खेकड्यानं कोयतीची मूठ नांगीत धरलेली. याची ओढाताण, त्याची ओढाताण. माणूस घामाघूम झाला, खेकडा जागचा हलला नाही. शेवटी रवळूनं समोर खोबऱ्याचा तुकडा धरला. खेकड्यानं विचार केला, मूठ सोडली, तुकडा घेतला. त्या दिवसापासून असा व्यवहार ठरून गेला. तो कालव्यांची चकचकीत शिंपली बिळापाशी नेऊन ठेवी, आणि खेकड्यांनी खाली टाकलेल्या नारळांतले काही उचलून आणी. कुणी कुणाशी भांडलं नाही.

कनवटीला बांधलेली चकमक वाळवून त्यानं विस्तव केला. पहिली ठिणगी काथ्यात धरली तेव्हा तो एकटाच नाचला, आणि वऱ्हाडी गोल उभे राहून बघत राहिले. फाटक्या शिडाचं कापड लाटांनी आणून टाकलं, त्याचं छप्पर झालं. पाऊस आला तेव्हा मोठमोठ्या शिंपल्यांत त्यानं पाणी साठवलं. अंगावरच्या जखमा भरल्या. आवाज परत आला, तसा तो भजनं म्हणू लागला. आणि तो गाऊ लागला की बेटाच्या उथळ पाण्यात चरणारी एक पाणगाय तोंड वर काढून ऐके. पाणगाय म्हणजे म्हशीएवढं, मिशाळ, गुळगुळीत जनावर. पाण्यातलं गवत खाई, कडेला पिल्लू घेऊन पोहे. बेटाभोवती खडकांची माळ होती, तिच्यावर लाटा फुटत. पण पाणगाय ज्या फटीतून बाहेरच्या दर्यात ये-जा करी, ती फट रवळूनं नीट हेरून ठेवली.

मग कार्तिकात ते मोठं वादळ आलं.

आभाळ निरभ्र होतं. वारा पडलेला. रवळू मासे भाजत होता. पाहतो तर बेटावरचे सगळे खेकडे बिळं सोडून माडांवर चढत होते. लहान, मोठे, सगळे. शेंड्यापर्यंत. आणि वऱ्हाडी बेटाच्या टोकाला जो उंच खडक होता त्याकडे धावत होते. धावताना त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं मासे तसेच टाकले. दोर घेतला, कोयती घेतली. लंगडी मागं पडली होती. पाण्यानं काठ सोडला होता आणि ती गुडघाभर फेसात गिरक्या घेत होती. त्यानं तिला उपरण्यात गुंडाळून पाठीला बांधलं आणि सगळ्यांत जाड माड गाठला. शेंड्याला पोचून त्यानं स्वतःला खोडाशी आवळलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला खेकडा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग दर्या बेटावर चढला.

रात्रभर माड धनुष्यासारखा वाकत होता. खाली जमीन नव्हतीच, नुसतं पांढरं पाणी. शेजारचे माड मुळांसकट जात होते. रवळूनं डोळे मिटले नाहीत. त्यानं देवाला शिव्या दिल्या, मग क्षमा मागितली, मग पुन्हा शिव्या दिल्या, आणि पाठीवर ती पाखराची छाती धडधडत होती ती त्याला सारखी जाणवत होती.

उजाडलं. पाणी उतरलं. तो खाली उतरला. त्यानं गाठ सोडली. लंगडीनं पिसं झाडली आणि टोकाच्या खडकाकडे चालू लागली. तिकडून वऱ्हाड येत होतं. माना हलवत, ऐटीत, जसं काही झालंच नव्हतं.

"मी ओरडलो, बाबा. छाती फुटेस्तोवर ओरडलो. जिंकलो म्हणून. राजाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं."

बाबाची काच लखलखीत झाली होती. त्यानं ती कंदिलावर चढवली.

"त्यानंतर ते माझ्या हातून खाऊ लागले," रवळू म्हणाला. "मी हाक मारली की सगळे येत. हातातून खोबरं घेत. लंगडी माझ्या पाठीला पाठ लावून झोपे. साधूसंतांकडे जनावरं येतात ना, तसे ते माझ्याकडे येत. माझ्यात काही तरी होतं म्हणूनच ना, बाबा?"

बाबानं कंदील बाजूला ठेवला.

"तुला न्यायला होडी आली, तेव्हा तिच्यातल्या माणसांकडे गेले का ते?"

रवळूचे हात मांडीवर पडले.

"...गेले."

"तसेच?"

"तसेच. माना हलवत."

खाली खलाशांनी मचव्याखालचे ओंडके काढायला सुरुवात केली होती. त्यांचं जोर लावतानाचं हेल्लो-हेल्लो वर ऐकू येत होतं.

मग रवळूनं ते सांगितलं. सांगताना त्यानं एकदाही हात हलवले नाहीत.

फाल्गुनात एक परमुलखाचं गलबत वाट चुकून बेटाच्या बाजूला आलं. रवळूनं ओला पाला जाळून धूर केला. गलबतानं होडी सोडली. पण खडकांच्या माळेमुळे तिला आत येता येईना. तेव्हा रवळूच पाण्यात धावला, आणि शिडाचा तुकडा फडकवत त्यानं त्यांना पाणगाईची फट दाखवली. होडी आत आली. दहा-बारा माणसं उतरली. त्यांनी त्याला मिठ्या मारल्या, पाणी दिलं, गूळ दिला. माणसाचा आवाज ऐकून तो लहान पोरासारखा रडला.

आवाज ऐकून वऱ्हाडीही बाहेर आले. माणूस म्हणजे खोबरं, हे त्यांना रवळूनंच शिकवलं होतं.

पहिला पक्षी एका खलाशाच्या पायाशी जाऊन उभा राहिला आणि वर बघू लागला. खलाशानं वल्हं उचललं. एकच घाव.

बाकीचे पळाले नाहीत. काय झालं ते बघायला आणखी जवळ आले.

रवळू त्यांच्या म्होरक्याच्या, तांडेलाच्या, पाया पडला. तांडेल वाईट माणूस नव्हता. त्याला मोडकीतोडकी मराठी येत होती. तो समजुतीनं म्हणाला, पोरं कितीतरी दिवस सुक्या मासळीवर आहेत, चार पाखरं घेतली तर तुझं काय जातं? मागं खलाशांनी काठ्या शोधायला सुरुवात केली होती. चार कसली, ती सगळीच मारली गेली असती. मीठ लावून पिंपं भरली असती. इतक्या सोप्या शिकारीत हात कोण आवरतो?

ते दहा-बारा, हा एकटा.

रवळूनं दगड उचलले.

"त्यांच्यावर?" बाबानं विचारलं.

"नाही, बाबा... वऱ्हाड्यांवर."

पहिला दगड वाळूत पडला तेव्हा त्यांना वाटलं, खोबरं टाकलं. दोघे-तिघे धावत आले आणि त्या दगडाला चोच मारू लागले.

रवळूनं दुसरा मारला. तिसरा. त्यांच्या तोंडासमोर वाळू उडाली. तो ओरडत होता, कधी ओरडला नव्हता असा, घाणेरड्या शिव्या देत होता, जळकं लाकूड घेऊन त्यांच्या अंगावर धावत होता. वऱ्हाड थबकलं. मग विस्कटलं. मग एकदाचं पळालं, केवड्याच्या बनाकडे. त्या काट्यांत माणूस शिरू शकत नाही.

लंगडी तेवढी मागं राहिली. ती त्याच्याकडे बघत उभी होती. तिला वाटत होतं, हे बाकीच्यांसाठी आहे.

"तिच्यावर मी मूठभर दगड एकदम टाकले, बाबा. पायाशी. चोचीपाशी. शेवटी ती वळली. लंगडत लंगडत गेली... बनात शिरेपर्यंत मी मारत होतो. हात वर उचलेना तेव्हा थांबलो."

"किती मेले?"

"पहिला एक. आणि कुणी नाही. संध्याकाळपर्यंत खलाशी बनाभोवती फिरले, ओरबाडून निघाले. एकही पाखरू बाहेर आलं नाही. मला म्हणाले, तू हाक मारून बघ. मी नाही मारली."

"आणि तुला?"

"मला हसले. म्हणाले, बेटावर राहून पोराचं डोकं फिरलं. इतक्या जवळून मारतोय आणि एक दगड लागत नाही."

उंडीच्या झाडात वारा शिरला. निशाण फडफडलं.

"माणूस असा असतो," रवळू म्हणाला. "म्हणून मला माणसांत राहायचं नाही."

"त्या बेटावर कुणी माणूस नव्हता?"

"मी होतो."

"मग?"

त्यानं खाली मान घातली.

"लंगडीचं काय, बाबा? तिनं मला पाणी दाखवलं. तिला काय कळणार मी दगड का मारले? ती म्हणत असेल, हाही तसलाच निघाला."

"म्हणू दे."

"बाबा..."

"जिवंत असेल तरच म्हणेल."

रवळूनं वर पाहिलं. एवढ्या महिन्यांत त्याच्या छातीवर जे बसलं होतं ते जरासं हललं. आईनं त्याला पोटाशी धरलं तेव्हा, गावानं ढोल वाजवले तेव्हा, देवळात पहिला मान दिला तेव्हाही ते हललं नव्हतं.

त्यानं बाबाचे पाय धरले. म्हणाला, मला हाकलू नका. लोक म्हणतात तुम्ही कुणाला जवळ राहू देत नाही. मी झाडीन, पाणी भरीन, कंदील लावीन. इथं मला बरं वाटतंय. असं बरं मला त्या बेटानंतर कुठंच वाटलं नाही.

बाबानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केसांतून बोटं फिरवली, आई फिरवते तशी. बराच वेळ.

खाली शंख वाजला. भरती पुरी झाली होती. मचवा पाण्यावर तरंगून डुलत होता, आणि खलाशी कड्याकडे तोंड करून उभे होते. आंधळा दाजी तांडेलही, दिसत नसताना, तिकडेच बघत होता.

बाबा उठला. उंबऱ्यापाशी गेला. वाकला, आणि त्यानं एक दगड उचलला.

रवळूला वाटलं, कावळ्याला हाकलायचं असेल.

दगड त्याच्या पायाशी येऊन आपटला.

"बाबा?"

दुसरा गुडघ्याशेजारून गेला. रवळू ताडकन उठला. तिसऱ्यानं त्याच्या कानाजवळचा वारा कापला. चौथा बाबाच्या हातात होता.

रवळू मागं सरला. मग वळला. मग पायवाटेनं धूम पळत सुटला, आणि मागून दगड येतच राहिले. डावीकडे, उजवीकडे, पुढ्यात.

त्या भरतीला मचवा निघाला. सुकाणू रवळूच्या हातात होतं. खाडीच्या तोंडावर लाटेनं नाळ उचलली तेव्हा त्याची आई किनाऱ्यावर उभी राहून हसत होती. पुढं रवळू तांडेल म्हणून त्याचं नाव सबंध किनाऱ्यावर झालं. आभाळ निरभ्र असताना तो गलबत बंदरात घेई, आणि मागाहून वादळ येई. त्यानं एकही खलाशी दर्याला दिला नाही; उलट दुसऱ्यांच्या बुडत्या होड्यांतून माणसं ओढून आणली. ते बेट कुठं आहे, हे लोकांनी हरतऱ्हेनं विचारलं. त्यानं कुणालाही सांगितलं नाही.

पण ते नंतरचं. त्या सकाळी, निम्मी उतरण उतरल्यावर, तो धापा टाकत थांबला. त्यानं आपले पाय पाहिले, हात पाहिले, डोक्यावरून हात फिरवला. कुठं साधा ओरखडाही नव्हता.

त्यानं वर पाहिलं. कड्याच्या कडेला बाबा उभा होता, हातात आणखी एक दगड घेऊन.

रवळूला हसू फुटलं. बेट सोडल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडून विचारलं,

"बाबा, इतक्या जवळून मारता, आणि एकही कसा लागला नाही?"

बाबानं हातातला दगड हळूच खाली ठेवला.

"नेम चुकवायला शिकण्यातच माझा जन्म गेला, पोरा."